अफूजन्य औषधांचे कायदे आणि फार्मासिस्ट : प्रस्तावना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेल्या तीस वर्षांत अफूजन्य वेदनाशामकांनी जो अनर्थ घडविला, त्याची वार्ता मराठी वाचकापर्यंत तुटक तुटक पोहोचत आली आहे. एखादा विख्यात गायक त्या औषधांनी दगावला म्हणजे एक बातमी येते, एखाद्या कंपनीने अब्जावधी डॉलर भरून खटला मिटविला म्हणजे दुसरी येते, आणि मधल्या काळात तो विषय दृष्टीआड होतो. परंतु या अनर्थाला तेथील कायदेमंडळांनी कोणत्या मार्गांनी तोंड दिले, त्यांपैकी कोणते मार्ग फळाला आले आणि कोणते उलटले, आणि या सर्व उलाढालीत औषधांच्या दुकानात उभा राहून डॉक्टरची चिठ्ठी हातात घेणाऱ्या फार्मासिस्टच्या वाट्याला काय आले, हे सलगपणे मांडले गेले पाहिजे, अशी निकड मला फार दिवसांपासून वाटत होती. प्रस्तुत ग्रंथ ती पुरी करतो. त्याच्या प्रारंभी लिहिताना प्रकरणांचा गोषवारा देण्यापेक्षा त्यांच्यामागची पार्श्वभूमी वाचकासमोर ठेवावी, हे मला अधिक उचित वाटते.

अनर्थाचे परिमाण प्रथम ध्यानी घ्यावे. १९९९ साली त्या देशात अफूजन्य द्रव्यांच्या अतिमात्रेने सुमारे ८,००० माणसे मृत्यू पावली. २०२१ साली ही संख्या ८०,००० च्या वर गेली, म्हणजे बावीस वर्षांत ती दसपट झाली. २०२४ साली अतिमात्रेच्या एकूण मृत्यूंत आदल्या वर्षाच्या मानाने सुमारे एकचतुर्थांशाने घट झाली. ही आनंदाची गोष्ट खरीच, पण घट होऊनही जो आकडा उरला तो कोणत्याही देशाला झोप येऊ देणारा नाही.

या दुर्दैवाचे मूळ शोधू गेले असता आपण गुन्हेगारांच्या अड्ड्यावर पोहोचत नाही, रुग्णालयांत आणि वैद्यकीय परिषदांत पोहोचतो. वेदनेने तळमळणाऱ्या रोग्याकडे डॉक्टर दुर्लक्ष करतात ही तक्रार १९८० च्या दशकात होऊ लागली होती आणि ती रास्त होती. परंतु त्या रास्त तक्रारीला जो आधार देण्यात आला तो अत्यंत ठिसूळ होता. १९८० साली अमेरिकेतील एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचे एक पत्र छापून आले होते. रुग्णालयात दाखल असताना अफूजन्य औषध दिलेल्या ११,८८२ रोग्यांपैकी अवघ्या चौघांना व्यसन जडल्याची नोंद मिळाली, एवढाच त्याचा आशय होता. रुग्णालयाच्या देखरेखीखालील, अल्पकाळ औषध घेतलेल्या रोग्यांविषयीचे हे निरीक्षण घरी नेऊन महिनोन् महिने गोळ्या खाणाऱ्या रोग्यालाही लागू पडते, असा समज पुढे हेतुपुरस्सर पसरविण्यात आला. १९९५ च्या डिसेंबरात ऑक्सिकॉन्टिन या गोळीला सरकारी मान्यता मिळाली आणि पुढच्या वर्षी परड्यू फार्मा कंपनीने ती बाजारात आणली. गोळीतले ऑक्सिकोडोन हे अफूजन्य द्रव्य शरीरात सावकाश उतरत असल्याने तिचा दुरुपयोग कमी होईल अशी समजूत आहे, असे तिच्या माहितीपत्रकातच छापले होते. गोळी चुरडली की ते सगळे द्रव्य एकदम मोकळे होते, हे कळायला व्यसनी माणसाला प्रयोगशाळा लागली नाही. २००७ साली परड्यूची एक संलग्न कंपनी व तिचे तीन वरिष्ठ अधिकारी यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि साठ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम भरली. २०२० साली परड्यूने पुन्हा एकदा गुन्हे कबूल केले. दोन कबुल्यांमध्ये तेरा वर्षांचे अंतर आहे, आणि त्या तेरा वर्षांत काय काय घडले याचा हिशेब पुढील प्रकरणांत आहे.

आता कायद्याकडे वळू. अफूजन्य औषधांसंबंधीचा अमेरिकेतील कायदा फार्मासिस्टला पहिल्यापासूनच ओळखतो, किंबहुना पहिल्यापासूनच त्याला आरोपीच्या पिंजऱ्याजवळ उभा करतो. १९१४ सालचा हॅरिसन कायदा वस्तुतः कराचा कायदा होता. अफू व कोका यांच्या पदार्थांचा व्यवहार करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने व औषधविक्रेत्याने सरकारदप्तरी नाव नोंदवावे, वर्षाला एक डॉलर भरावा आणि दिल्याघेतल्याची नोंद ठेवावी, एवढेच त्याने वरकरणी फर्माविले होते. परंतु पाच वर्षांतच, १९१९ साली, मेंफिस शहरातील एक डॉक्टर व एक औषधविक्रेता यांच्यावरील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की व्यसनी माणसाचे व्यसन सुखाने चालू राहावे एवढ्यासाठीच लिहिलेल्या चिठ्ठीला चिठ्ठी म्हणता येणार नाही. या निर्णयाचे पडसाद शंभर वर्षे उमटत राहिले. व्यसनमुक्तीसाठी दिले जाणारे मेथाडोन ब्रिटनमध्ये आणि ऑस्ट्रेलियात कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात, फार्मासिस्टच्या देखत, रोजच्या रोज घेता येते. अमेरिकेत मात्र त्यासाठी आजही रोग्याला खास परवानाधारक केंद्राच्या रांगेत जाऊन उभे राहावे लागते. शेजारच्या दुकानात तेच औषध वेदनाशामक म्हणून मिळू शकते आणि व्यसनावरचा उपाय म्हणून मिळू शकत नाही, ही विसंगती त्या जुन्या न्यायनिर्णयाच्या वंशातली आहे.

१९७० साली नियंत्रित द्रव्यांचा कायदा झाला, औषधांच्या पाच अनुसूची ठरल्या, आणि त्या कायद्याखालील नियमांत एक वाक्य आले ज्यावर या ग्रंथाचा जवळजवळ निम्मा भाग उभा आहे. चिठ्ठी योग्य वैद्यकीय कारणासाठी लिहिली जावी याची जबाबदारी ती लिहिणाऱ्या डॉक्टरची आहे, परंतु तिच्याशी तुल्य अशी जबाबदारी त्या चिठ्ठीवर औषध देणाऱ्या फार्मासिस्टचीही आहे, असे ते वाक्य सांगते. डॉक्टरने सही केली, आम्ही गोळ्या मोजून दिल्या, आमचे काम संपले, असे म्हणण्याची सोय या वाक्याने ठेवलेली नाही. चिठ्ठी खोट्या कारणासाठी लिहिली गेली आहे हे जाणून औषध देणारा फार्मासिस्ट हा डॉक्टरइतकाच शिक्षेस पात्र ठरतो, आणि दिसत असलेल्या गोष्टीकडे जाणूनबुजून डोळेझाक केल्यासही त्याची सुटका होत नाही.

या वाक्याचे वजन कळायचे तर ती चिठ्ठी खिडकीशी येते त्या क्षणाजवळ थोडे थांबले पाहिजे. अमेरिकेतील डॉक्टरला नियंत्रित औषधे लिहिण्यासाठी जो सरकारी क्रमांक मिळतो त्यात दोन अक्षरे आणि सात अंक असतात. पहिला, तिसरा व पाचवा अंक यांची बेरीज करावी. दुसरा, चौथा व सहावा यांच्या बेरजेची दुप्पट करून ती पहिल्या बेरजेत मिळवावी. येणाऱ्या संख्येचा शेवटचा अंक क्रमांकाच्या सातव्या अंकाशी जुळला नाही, तर क्रमांक बनावट समजावा. हा ताळा अनुभवी फार्मासिस्ट चिठ्ठी हातात घेता घेता मनातल्या मनात करून मोकळा होतो. पण ताळा जुळला म्हणून चिठ्ठी खरी ठरत नाही. रोगी राहतो कोठे, डॉक्टर बसतो कोठे, आणि दोघांना सोडून तो शंभर मैलांवरच्या या दुकानात का आला? एकाच दवाखान्यातून आलेल्या सगळ्या रोग्यांना, तरुण असोत की वृद्ध, तेच औषध, तीच मात्रा, तितक्याच गोळ्या कशा? वेदनाशामकाबरोबर झोपेचे औषध आणि स्नायू सैल करणारे कॅरिसोप्रोडॉल ही तिन्ही एकाच चिठ्ठीवर का? विमा असताना रोख पैसे का मोजले जात आहेत? हे सर्व प्रश्न त्याने मनात उठवायचे, डॉक्टरला फोन लावायचा, उत्तराची वाट पाहायची, आणि या अवधीत खिडकीपलीकडे उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांना डोळा द्यायचा. तो माणूस औषधांचा दलाल असू शकतो, आणि हाडांत उतरलेल्या कर्करोगाने रात्र रात्र न झोपलेला रोगीही असू शकतो. फार्मासिस्टने नाही म्हटले आणि तो रोगी निघाला तर एका जिवाचा छळ त्याच्या हातून झाला. हो म्हटले आणि तो दलाल निघाला तर त्या गोळ्या संध्याकाळपर्यंत दुसऱ्या गावी विकल्या गेल्या. कायदा त्याला निर्णय घ्यायला सांगतो. निर्णयासाठी लागणारी माहिती, वेळ आणि अभय यांची तजवीज मात्र त्याने फार उशिरा, आणि तीही अर्धवट, केली.

फार्मासिस्टला या साखळीतून पूर्णपणे वगळले तर काय होते, याचा धडा फ्लॉरिडाने दिला. त्या राज्यात डॉक्टरांना आपल्याच दवाखान्यातून नियंत्रित औषधे विकण्याची मुभा होती. तिचा फायदा घेऊन २०१० च्या आधीच्या काही वर्षांत तेथे शेकडो तथाकथित वेदनानिवारण केंद्रे उघडली गेली. लिहिणारा हात आणि विकणारा हात एकच झाला, आणि मधे प्रश्न विचारणारे कोणी राहिले नाही. केंटकी, वेस्ट व्हर्जिनिया, टेनेसी, ओहायो या राज्यांतून लोक मोटारी भरभरून दक्षिणेकडे जात, एका दिवसात तीन तीन केंद्रे गाठीत आणि गोळ्या घेऊन परत येत. २०११ साली फ्लॉरिडाच्या विधिमंडळाने डॉक्टरांना दुसऱ्या व तिसऱ्या अनुसूचीतील औषधे विकण्यास बंदी केली आणि पोलिसांनी त्या केंद्रांवर धाडी घातल्या. २०१० ते २०१२ या दोन वर्षांत त्या राज्यातील ऑक्सिकोडोनमुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. कायद्याच्या या दीर्घ इतिहासात इतके स्वच्छ फळ क्वचितच दिसते, आणि माझ्या मते त्याचे कारण साधे आहे: विधिमंडळाने नवीन चौकीदार नेमला नाही, लिहिणारा आणि देणारा हे दोघे वेगळे असावेत ही वैद्यकव्यवहाराची जुनी मर्यादा पुन्हा प्रस्थापित केली.

परंतु फार्मासिस्ट जागेवर असूनही बांध फुटू शकतो, हे वेस्ट व्हर्जिनियाने दाखविले. कर्मिट नावाच्या, जेमतेम चारशे वस्तीच्या खाणकामगारांच्या गावात एका औषधांच्या दुकानाला दोन वर्षांत हायड्रोकोडोन या अफूजन्य वेदनाशामकाच्या सुमारे नव्वद लाख गोळ्या पुरविल्या गेल्या. चार्ल्सटन गॅझेट-मेल या स्थानिक पत्राचे वार्ताहर एरिक आयर यांनी घाऊक व्यापाऱ्यांचे दप्तर कोर्टामार्फत उघडायला लावून हे उजेडात आणले. सहा वर्षांत त्या एका लहान राज्यात हायड्रोकोडोन व ऑक्सिकोडोनच्या ७८ कोटी गोळ्या उतरल्या, आणि त्याच अवधीत तेथील १,७२८ माणसे या दोन औषधांच्या अतिमात्रेने मेली, असे त्यांनी दाखवून दिले. त्यांना २०१७ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. येथे दोष एकट्या दुकानदाराचा म्हणून भागणार नाही. कारखानदाराने माल केला, घाऊक व्यापाऱ्याने तो ट्रक भरून पाठविला, सरकारी खात्याकडे प्रत्येक खोक्याची नोंद होती, आणि कोणीही हा माल एवढ्याशा गावात कोणासाठी चालला आहे असे विचारले नाही. ज्या वर्षी हा वृत्तान्त छापून आला त्याच वर्षीच्या एप्रिलात अमेरिकेच्या काँग्रेसने, सभागृहात कोणी विरोधाचा शब्द न काढता, एक असा कायदा संमत केला होता की ज्यामुळे संशयास्पद घाऊक व्यापाऱ्याचा माल तातडीने रोखण्याचा अमली द्रव्य अंमलबजावणी खात्याचा अधिकार लुळा पडला. पुढल्या वर्षी वृत्तपत्रांनी हे प्रकरण बाहेर काढले तेव्हा त्या कायद्याच्या पुरस्कर्त्या सभासदाला राष्ट्रीय अमली द्रव्य धोरणाच्या प्रमुखपदासाठी पुढे आलेले आपले नाव मागे घ्यावे लागले. कायदेमंडळ हा नेहमी उपायाच्या बाजूचाच पक्ष असतो, या भ्रमात राहू इच्छिणाऱ्या वाचकाने हे प्रकरण टाळू नये.

मोठ्या साखळी दुकानांची कथा निराळी आहे आणि मला ती अधिक क्लेशदायक वाटते, कारण तेथे फार्मासिस्ट नोकर होता. २०१२ साली फ्लॉरिडातील सॅनफर्ड गावच्या एका साखळीच्या दोन दुकानांची नियंत्रित औषधांसाठीची नोंदणी सरकारने रद्द केली. २०१३ साली वॉलग्रीन्स या दुसऱ्या साखळी कंपनीने ८ कोटी डॉलर देऊन सरकारशी तडजोड केली. त्यानंतर त्या कंपनीच्या फार्मासिस्टांनी डॉक्टरांना फोन करून निदान काय, उपचार किती दिवस चालणार असे विचारायला सुरुवात केली, तेव्हा अमेरिकन मेडिकल असोसिएशनने त्याच वर्षी ठराव करून असल्या चौकशा म्हणजे वैद्यकव्यवसायातील ढवळाढवळ होय असा निषेध नोंदविला. म्हणजे विचारले नाही तर सरकारचा दंड, विचारले तर डॉक्टरांचा रोष. त्यातच मोटारीतून न उतरता औषध घ्यायची खिडकी, लसीची टोचणी, विमा कंपन्यांचे फोन आणि दर तासाला किती चिठ्ठ्या उरकल्या याची मोजदाद, हे सगळे एकाच माणसाच्या खांद्यावर. वॉलमार्टविरुद्धच्या सरकारी फिर्यादीत असा आरोप होता, की काही डॉक्टरांच्या सगळ्याच चिठ्ठ्या नाकारू द्या अशी विनवणी दुकानांतील फार्मासिस्ट वरिष्ठांना करीत होते आणि वरिष्ठांनी ती दीर्घकाळ मानली नाही. कंपनीने हा आरोप नाकारला आहे. २०२१ च्या नोव्हेंबरात ओहायोतील ज्यूरीने तीन मोठ्या साखळ्यांना दोन परगण्यांतील अनर्थास जबाबदार धरले आणि पुढील वर्षी न्यायाधीशांनी ६५ कोटी डॉलर भरण्याचा हुकूम दिला. परंतु २०२४ च्या डिसेंबरात ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने असा दावा त्या राज्याच्या कायद्यात बसतच नाही असा निर्वाळा दिला. देशभरच्या तडजोडींच्या रकमा याहून कितीतरी मोठ्या आहेत. त्यांची कोष्टके ग्रंथात आहेतच. पैसा कोणी किती भरला यापेक्षा दुकानात माणसे वाढली का, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचे उत्तर समाधानकारक नाही.

नियंत्रित औषधांच्या चिठ्ठ्यांची नोंदवही ठेवण्याचा कायदा हा विधिमंडळांचा सर्वांत लाडका उपाय. कॅलिफोर्नियाने १९३९ सालीच अशी नोंद ठेवायला प्रारंभ केला होता; २०१२ साली केंटकीने डॉक्टरने लिहिण्यापूर्वी संगणकावरील नोंद पाहिलीच पाहिजे असे बंधन घातले; २०२१ साली मिसूरीने असा कायदा केला तेव्हा मागे कोणतेही राज्य उरले नाही. रोगी किती डॉक्टरांकडे आणि किती दुकानांत फिरतो आहे हे यामुळे फार्मासिस्टला एका दृष्टिक्षेपात कळू लागले, आणि त्याच्या निर्णयाला अंदाजाऐवजी पुरावा मिळाला. पाठोपाठ दिवसांच्या मर्यादा आल्या. २०१६ साली मॅसॅच्युसेट्सने पहिल्या चिठ्ठीला सात दिवसांची मर्यादा घातली, २०१८ साली फ्लॉरिडाने तीव्र वेदनेसाठी तीन दिवसांची. हेतू निर्मळ होता. परंतु अफूजन्य औषधे लिहिण्याविषयीच्या २०१६ च्या सरकारी मार्गदर्शक सूचना, ज्या केवळ सूचना होत्या, त्यांचे विमा कंपन्यांनी आणि साखळी दुकानांनी अलंघ्य नियमांत रूपांतर केले, आणि वर्षानुवर्षे स्थिर मात्रेवर कामधंदा करणाऱ्या जुनाट वेदनेच्या रोग्यांची औषधे एकाएकी तोडली गेली. २०१९ साली औषध प्रशासनाला अशा एकाएकी तोडण्याविरुद्ध इशारा द्यावा लागला आणि २०२२ साली त्या सूचना सुधारून घ्याव्या लागल्या. दुसरीकडे, गोळी दुर्मीळ झाली तसे ज्यांना व्यसन आधीच जडले होते ते हेरॉइनकडे वळले, आणि २०१३ च्या सुमारापासून चोरट्या मार्गाने येणाऱ्या फेंटानिलने त्या बाजाराचा ताबा घेतला. आज जे मरत आहेत त्यांतले बहुसंख्य या फेंटानिलने मरत आहेत, आणि ते फेंटानिल कोणत्याही फार्मासिस्टच्या खिडकीवरून गेलेले नसते. गोळ्यांची वाट बंद करताना व्यसनी माणसाला उपचाराची वाट उघडून दिली गेली नाही, हा त्या दशकातील कायद्यांचा सर्वांत मोठा अपराध होय, असे मी म्हणेन.

ती वाट उघडण्याचे प्रयत्न नंतर झाले, आणि त्यांत फार्मासिस्ट पहिल्यांदाच संशयितापेक्षा निराळ्या भूमिकेत दिसतो. जुलै २०१६ मध्ये झालेल्या व्यसनमुक्तीविषयक सर्वंकष कायद्यात एक छोटीशी तरतूद आहे: दुसऱ्या अनुसूचीतील औषधाच्या तीस गोळ्यांची चिठ्ठी असली तरी रोग्याने किंवा डॉक्टरने सांगितल्यास फार्मासिस्टने आज दहाच द्याव्यात, उरलेल्या चिठ्ठीच्या तारखेपासून तीस दिवसांत गरज पडली तरच द्याव्यात. दात काढलेल्या माणसाच्या घरातील कपाटात वीस गोळ्या पडून राहण्याचे आणि घरातील पोराच्या हाती लागण्याचे यामुळे टळते. ऑक्टोबर २०१८ च्या कायद्याने फार्मासिस्टने चिठ्ठी केव्हा नाकारावी याविषयी शिक्षणसाहित्य तयार करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली; १९७० पासून ज्या निर्णयासाठी त्याला जबाबदार धरले जात होते तो कसा घ्यावा हे सांगण्याची बुद्धी अठ्ठेचाळीस वर्षांनी झाली.

नॅलोक्सोनचे उदाहरण याहूनही उद्बोधक आहे. हे औषध १९७१ पासून मान्यताप्राप्त आहे. अतिमात्रेने ज्याचा श्वास थांबत आला आहे अशा माणसाच्या नाकात त्याचा ४ मिलिग्रॅमचा फवारा मारला, तर दोनतीन मिनिटांत श्वास परत येऊ शकतो. आणि जो अफूजन्य द्रव्याच्या अमलाखाली नाही त्याला त्यापासून अपाय होत नाही. पण ते चिठ्ठीवर मिळे, आणि अतिमात्रा घेणारा माणूस आधी डॉक्टरकडे जाऊन चिठ्ठी आणणार कोठून? २००१ साली न्यू मेक्सिकोने पहिला मार्ग काढला. पुढे एकेका राज्याने सर्वांसाठी एकच कायमची वैद्यकीय आज्ञा काढून किंवा फार्मासिस्टला स्वतःचा अधिकार देऊन ते दुकानातून थेट मिळण्याची व्यवस्था केली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की ज्या राज्यांनी फार्मासिस्टला स्वतःच्या अधिकारात नॅलोक्सोन देऊ दिले तेथे मृत्यूंत लक्षणीय घट झाली. याहून आखडत्या हाताने केलेल्या कायद्यांचा तसा परिणाम दिसला नाही. मार्च २०२३ मध्ये तो फवारा चिठ्ठीविना विकण्यास देशभर मान्यता मिळाली.

ब्युप्रेनॉर्फिन या व्यसनावरील औषधासाठी डॉक्टरला खास परवानगी लागे, ती अट २०२२ च्या अखेरीस रद्द झाली. ऱ्होड आयलंडमध्ये तर फार्मासिस्टांनीच दुकानात रोग्यांना हे औषध सुरू करून त्यांची देखभाल करावी असा प्रयोग झाला. औषधावर स्थिरावलेल्या रोग्यांपैकी दुकानाकडे सोपविलेल्या २८ जणांतील २५ जण महिन्यानंतरही उपचारात टिकून होते. नेहमीच्या केंद्राकडे पाठविलेल्या ३० जणांपैकी ५ टिकले. प्रयोग लहान आहे हे खरे, पण कोपऱ्यावरच्या दुकानाचे मोल ज्यांना कळत नाही त्यांनी हे आकडे दोनदा वाचावेत. आणि तरीही पुष्कळ दुकाने हे औषध ठेवायला आजही बिचकतात, कारण नियंत्रित औषधांची मागणी वाढली की घाऊक व्यापाऱ्याकडून पुरवठा अडेल आणि चौकशी मागे लागेल, ही धास्ती त्यांच्या मनात घट्ट बसली आहे.

हे सारे मराठीत कशासाठी, असे कोणी विचारील. अफूचा आणि आपला संबंध नवा नाही. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनकडे जाई, तिच्यावरील जकात सरकारच्या महसुलाचा आधार होती, आणि मुंबईतील कित्येक पेढ्यांचे वैभव त्या व्यापारावर उभे राहिले. स्वातंत्र्योत्तर भारताने १९८५ साली अमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांचा कायदा केला. दहा वर्षांची किमान सक्तमजुरी आणि पावलोपावली वेगवेगळे परवाने यांमुळे रुग्णालयांनी व दुकानदारांनी मॉर्फीन ठेवणेच सोडून दिले. देशाचा मॉर्फीनचा वार्षिक वापर घसरत घसरत १९९७ साली १८ किलोग्रॅमवर आला. ज्या देशात अफूची परवानाधारक शेती होते आणि जो देश जगाला औषधी अफू पुरवितो, त्याच देशातील कर्करोगाचे रोगी वेदनेने विव्हळत मेले. वांद्र्याच्या शांती अवेदना सदनासारख्या संस्था आणि केरळातील डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारखे वैद्य यांनी वर्षानुवर्षे आवाज उठविल्यानंतर २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि अत्यावश्यक अमली औषधांसाठी देशभर एकच परवानापद्धती आली. अमेरिकेत पुराने घडले ते आपल्याकडे दुष्काळाने घडले.

आणि दुष्काळाच्या शेजारीच आपल्याकडे पूरही आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या सर्वेक्षणानुसार भारतातील सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफूजन्य द्रव्ये वापरतात, आणि त्यांत औषधी गोळ्या व खोकल्याची औषधे यांचा वाटा मोठा आहे. २०१४ पासून आपल्या औषधनियमांच्या अनुसूची एच-१ मधील औषधांसाठी दुकानदाराने वेगळी वही ठेवावी, तीत डॉक्टरचे नाव-पत्ता, रोग्याचे नाव, औषध आणि मात्रा लिहावी आणि ती तीन वर्षे जपावी, असा नियम आहे. २०१८ साली ट्रॅमाडॉल हे अफूजन्य वेदनाशामक अमली द्रव्यांच्या कायद्याखाली आणले गेले. २०२५ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या एका कंपनीकडून टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांच्या मिश्रणाच्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेतील तरुणांच्या हाती जात असल्याचे बीबीसीने उघडकीस आणले, तेव्हा आपल्या सरकारला त्या मिश्रणाच्या उत्पादनाची व निर्यातीची परवानगी मागे घ्यावी लागली. अमेरिकेतील खिडकीवर जे कॅरिसोप्रोडॉल पाहून फार्मासिस्टने सावध व्हायचे, तेच येथे कारखान्यातच वेदनाशामकात मिसळून दिले जात होते.

वही ठेवणारा कोण, हा आपला खरा प्रश्न आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज कोणी चिठ्ठीवर औषध देऊ नये. आपल्या गावोगावच्या मेडिकलमध्ये काय दिसते? भिंतीवर चौकटीत प्रमाणपत्र असते. ज्याचे ते आहे तो पुष्कळदा तेथे नसतो, आणि बारावी झालेला मुलगा गोळ्यांची पट्टी कात्रीने कापून देत असतो. २०१२ च्या सुमारास महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने दुकानात फार्मासिस्ट प्रत्यक्ष हजर असलाच पाहिजे असा आग्रह धरला, तेव्हा औषधविक्रेत्यांनी बंद पुकारला होता. अमेरिकेतील फार्मासिस्टवर टाकलेली तुल्य जबाबदारी आपण उद्या आपल्या नियमांत उतरविली, तरी ती उचलायला खिडकीशी माणूस नसेल तर ती कोणावर बसणार? म्हणून हा ग्रंथ वाचताना अमेरिकेच्या चुका मोजून समाधान मानू नये, एवढे मी आवर्जून सांगेन. फार्मासिस्टला नाही म्हणण्याचा अधिकार, नॅलोक्सोनसारखे औषध स्वतःहून देण्याचा अधिकार, आणि या दोन्हींसाठी लागणारा वेळ व संरक्षण ही तिन्ही एकत्र दिल्याखेरीज नुसती शिक्षेची कलमे वाढविणारा कायदा वेदनेच्या रोग्याला मारतो आणि व्यसनी माणसाला वाचवीत नाही, असे माझे या सर्व पुराव्यावरून झालेले ठाम मत आहे.

औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी फ्लॉरिडावरील प्रकरण आधी वाचावे, विधिमंडळाच्या सभासदांनी मॉर्फीनच्या दुष्काळावरचे. सर्वसामान्य वाचकाला माझी विनंती अशी आहे, की पुढच्या खेपेस मेडिकलमध्ये गेल्यावर येथील फार्मासिस्ट कोण, असे एकदा विचारून पाहावे. आणि त्याने चिठ्ठीविषयी चार प्रश्न केले तर रागावून दुसऱ्या दुकानाची वाट न धरता, उभे राहून त्यांची उत्तरे द्यावीत.